जुन्या नाशकातले चावीच्या घड्याळांचे काका : अण्णांचं एचएमटी जनता आणि नऊ आठवड्यांचा अनुभव

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते पण मुद्दाम थांबले, कारण चावीचं घड्याळ दुरुस्त करून आणलं की पहिले दोन दिवस कुठलंही छानच चालतं, खरं काय ते महिना दोन महिने हातात घातल्यावर कळतं. आता बरोबर नऊ आठवडे झाले, रोज सकाळी वहीत नोंद केलीये, त्यामुळे आता छातीठोकपणे लिहू शकते. ज्यांच्या घरात कपाटाच्या खणात आजोबांचं नाहीतर वडलांचं घड्याळ पडून आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, थोडं लांबलंय पण कामाचं आहे.

घड्याळ माझ्या वडलांचं, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एचएमटी जनता, १७ ज्वेल (म्हणजे आत १७ खडे), पांढरी तबकडी आणि तिच्यावर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं. अण्णा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, शिफ्टची नोकरी, आणि हे घड्याळ त्यांच्या हातात नाही असा दिवस मला आठवत नाही. सकाळी चहाचा कप पुढ्यात आला की आधी घड्याळ काढायचं, चावी द्यायची आणि मगच चहा. ते गेल्यावर आईने ते एका चांगल्या डब्यात जपून ठेवलं, कुणाच्या तरी लग्नात मिळालेला दागिन्यांचा डबा होता तो, झाकण टक्कन बसणारा. (हा डबा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.) मागच्या वर्षी घर आवरताना मला ते सापडलं, चावी दिली तर लगेच चालायला लागलं, मी आणि आई दोघी बराच वेळ नुसतं कानाला लावून ऐकत बसलो.

पण वेळ काही धरेना. दिवसाला चार मिनिटं पुढे. सकाळी ऑफिसला निघताना मोबाईलवर बघून लावायचं आणि संध्याकाळी परत फरक. म्हणून मी ते शहरातल्याच एका दुकानात नेलं, नाव लिहीत नाही, पण तिथे जे झालं ते सांगायला हवं कारण खूप जणांच्या बाबतीत हेच होत असणार. त्या माणसाने मागचं झाकण उघडलं, आत काहीतरी सरकवलं, तेलाचा थेंब सोडला, दहा मिनिटांत तीनशे रुपये घेतले आणि म्हणाला सेटिंग झालं मॅडम. दोन दिवस बरं चाललं, मग कधी एक मिनिट पुढे, कधी तीन मिनिटं पुढे, आणि एकदा रात्रीत चक्क बंद. परत नेलं तर म्हणाला मशीन संपलंय, यात सेलवालं मशीन टाकून देतो, तबकडी पण नवी रंगवून देतो, निळी हिरवी कुठली हवी ती सांगा, एकदम नवीन दिसेल. मी घड्याळ उचललं आणि बाहेर पडले. अण्णांचं घड्याळ म्हणून जपायचं आणि त्यातलं अण्णांच्या वेळचं सगळंच काढून टाकायचं याला काय अर्थ आहे?

तबकडीवरून एक सांगते. ऑनलाईन हल्ली भगव्या, पोपटी, निळ्या तबकडीची 'नवीकोरी' एचएमटी खूप दिसतात, त्यातली बरीच जुनी मशीनं गोळा करून, तबकडी परत छापून विकलेली असतात. भिंगातून बघितलं की अक्षरांच्या कडा जाड आणि पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेषा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. एचएमटीने घड्याळं काढायला सुरुवात केली १९६१ मध्ये, बंगलोरला, जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून, आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे आता नवीन माल येणार नाही, जे आहे ते आपल्या घरातल्या खणांमध्येच आहे. पिवळट पडलेली का असेना, मूळ तबकडी कृपया रंगवायला देऊ नका.

तर आता काका. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे उतरताना एक अगदी अरुंद दुकान आहे, बोर्डावरची अक्षरं कधीच उडालीत, पण आजूबाजूला कुणालाही चावीच्या घड्याळांचे काका कुठे बसतात विचारलं की सांगतात. आणि खरंच तसंच सापडलं. दुकान म्हणजे काय, एक माणूस आत बसतो आणि एक माणूस बाहेर उभा राहतो, बस्स एवढंच. काचेच्या पेटीत पट्टे लटकवलेले, मागे भिंतभर छोटे छोटे लाकडी खण, प्रत्येकावर चिठ्ठी. गाडी घेऊन अजिबात जाऊ नका, शालिमारला नाहीतर रविवार कारंजाच्या बाजूला कुठेतरी लावा आणि चालत या, नाहीतर अर्धा तास नुसतं वळण घ्यायला जाईल.

ते खण कमरेच्या वर का आहेत ते मी नंतर विचारलं, तर म्हणाले गंगेला (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) पूर आला की आमच्याकडे पाणी येतंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढतंय कळल्यावर त्यांनी आधी लोकांची घड्याळं डब्यात भरून वरच्या मजल्यावर नेली आणि मग स्वतःचं सामान बघितलं. आपल्याकडे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं यावर पूर मोजतात, काका म्हणाले मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की मी खालचे खण उपसायला घेतो. पुरानंतर दोन महिने ते फक्त भिजलेली घड्याळं उघडत होते म्हणे, त्यातली जी त्याच आठवड्यात आली ती वाचली, जी लोकांनी उन्हात वाळवून 'आता सुकलं असेल' म्हणून दिवाळीत आणली त्यांच्या आत गंजाची लाल पावडर झालेली. त्यामुळे घड्याळात पाणी गेलं तर वाळवत बसू नका, त्याच दिवशी उघडायला द्या.

पहिल्या दिवशी मी घड्याळ पुढे ठेवलं आणि सगळी कहाणी सांगायला लागले. काकांनी हात वर करून थांबवलं. आधी कानाला लावलं, मग उलटं करून दुसऱ्या कानाला लावलं. म्हणाले, "ताई, लंगडतंय हे." मला काही कळेना. मग त्यांनी माझ्या कानाला लावलं आणि म्हणाले नीट ऐका, टिक आणि टक मधलं अंतर सारखं नाहीये. आणि खरंच, एवढे दिवस मी ऐकत होते पण कधी लक्षातच आलं नव्हतं, टिकटक, टिकटक असं जोडी जोडीने वाजत होतं, मध्ये छोटीशी दांडी मारल्यासारखं. चांगल्या घड्याळात सगळे ठोके सारख्या अंतरावर हवेत.

मग दुसरा प्रश्न, जो आधीच्या दुकानात कुणी विचारलाच नव्हता. "रात्री कुठं ठेवता हे?" मी म्हणलं, डब्यात ठेवते की, आईने ठेवला होता त्याच. "डबा कसला?" मी सांगितलं. काकांनी खणातून एक छोटं होकायंत्र काढलं, शाळेच्या लॅबमध्ये असायचं ना तसं, आणि ते हळूच घड्याळाच्या काचेवर धरलं. सुई थरथरायला लागली. स्थिर होईना. आत बॅलन्स, म्हणजे झोके घेणारं चाक, जसा फिरतोय तशी ती हलत होती. काका म्हणाले डब्याच्या झाकणात चुंबक असणार, टक्कन बसतं म्हणजे चुंबकच. आणि मला एकदम धस्स झालं, कारण आईने ते इतकी वर्षं जपून म्हणून त्यात ठेवलं आणि मी पण रोज रात्री पुसून त्याच डब्यात ठेवत होते. मोबाईलची चुंबकाची फ्लॅप असलेली कव्हरं, ब्लूटूथ स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, हे सगळं चावीच्या घड्याळाला वाईट. आतली हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला झोका देणारी गुंडाळलेली स्प्रिंग, केसापेक्षा बारीक असते, तिचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं.

हे सगळं बोलणं झाल्यावर मला वाटलं आता घड्याळ ठेवून घेतील. नाही. म्हणाले आज परत न्या, चार दिवस डब्याबाहेर ठेवा, रोज सकाळी एकाच वेळेला पूर्ण चावी द्या, किती फरक पडला ते कागदावर लिहा आणि मग या. थोडा राग आला खरं सांगायचं तर, इंदिरानगरहून एवढ्या गर्दीत आलेली होते. पण आता कळतंय त्यांना काय हवं होतं. फरक रोज सारखा आहे का वेगवेगळा, यावर सगळं ठरतं. रोज नेमाने एकच मिनिट पुढे जाणारं घड्याळ चांगलं घड्याळ असतं, फक्त त्याचा वेग नीट लावायचा राहिलेला. एक दिवस एक मिनिट आणि दुसऱ्या दिवशी तीन मिनिटं, म्हणजे आजारी घड्याळ, त्याला आधी बरं करायचं, लावायचं नंतर. माझ्या कागदावर होतं : एक मिनिट, तीन मिनिटं, अडीच मिनिटं, एक मिनिट. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "आजारी आहे."

त्यांच्याकडे ठोके मोजायचं एक मशीन आहे, टाइमग्राफर म्हणतात त्याला. घड्याळ एका छोट्या स्टँडमध्ये अडकवायचं, त्या स्टँडला माईक असतो, तो ठोके ऐकतो आणि स्क्रीनवर ठिपक्यांच्या रेषा काढतो. रेषा वर चढत गेली तर घड्याळ पुढे जातंय, खाली उतरली तर मागे पडतंय, आणि एकीच्या जागी एकमेकींपासून लांब अशा दोन रेषा दिसल्या तर लंगडतंय. माझ्या घड्याळाच्या दोन रेषा होत्या, दोन्ही वर चढणाऱ्या आणि मध्येच तुटणाऱ्या. आकडे मी वहीत लिहून घेतले, दिवसाला १९० सेकंद पुढे, अँप्लिट्यूड १९०, बीट एरर, म्हणजे ते लंगडणं, ४.२ मिलिसेकंद.

अँप्लिट्यूड म्हणजे बॅलन्स व्हील मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं. झोपाळ्यासारखं समजा. तब्येत चांगली असेल तर पूर्ण चावी दिल्यावर २७० च्या वर, म्हणजे पाऊण फेरा मारतं. १९० म्हणजे झोका अर्ध्यावरच दमतोय.

मग काकांनी चुंबक काढलं, ते फार भारी वाटलं बघायला. एक निळा डबा, वर घड्याळ ठेवलं, बटण दाबून धरलं आणि घड्याळ हळूहळू हातभर लांब नेलं आणि मगच बटण सोडलं. परत होकायंत्र धरलं, सुई शांत. परत मशीनवर लावलं, १९० वरून ६० वर आलं. मी म्हणलं झालं! ते म्हणाले कुठे झालं, रेषा बघा की, अजून तुटतेय. मागचं झाकण उघडलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावायला दिलं, म्हणाले डोळा मिटू नका, दुसरा पण उघडाच ठेवा, सवय होईल. आणि मला पहिल्यांदा ते दिसलं. आतली सगळी चाकं, लाल खडे, आणि हेअरस्प्रिंग, गुंडाळलेली, श्वास घेतल्यासारखी उघडमीट करणारी. पण तिचे बाहेरचे दोन वेढे एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्या मध्ये तेलाचा चकाकणारा ठिपका. आधीच्या माणसाने सोडलेला थेंब! हेअरस्प्रिंगला तेल कधीच लागता कामा नये. आणि तिसरी गोष्ट, रेग्युलेटरची दांडी, जिच्यावर घड्याळ पुढेमागे करतात, ती वजाच्या टोकाला ढकललेली, त्याच्या पुढे जागाच नाही. म्हणजे घड्याळ चुंबकामुळे पळत होतं, कारण न शोधता त्याने लगाम पूर्ण खेचला आणि वर तेल ओतलं. एका आजारावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. काका त्या माणसाबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "दांडीला हात सगळ्यात शेवटी लावायचा असतो."

हे वाक्य मला फार पटलं, आणि या दुकानाची सगळी खासियत यातच आहे म्हणून इतकं लांबण लावून सांगितलं. दुरुस्ती करणारे अजून सापडतील पण घड्याळ 'लावणं' हे वेगळं काम आहे, त्याला वेळ द्यावा लागतो आणि गिऱ्हाईकालाही द्यावा लागतो.

घड्याळ ठेवून घेतलं, तीन आठवडे सांगितले. मध्ये मी दोनदा जाऊन बसले, हरकत नाही म्हणाले, पण बोलायचं नाही. पूर्ण मशीन सुटं केलं होतं, एक एक भाग पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुऊन, खड्यांची भोकं लाकडाच्या टोकदार काडीने साफ केलेली. काडीचं टोक काळं झालं की परत तासायचं, परत घालायचं, टोक पांढरं बाहेर येईपर्यंत. एका खड्याला पाच वेळा. ते १७ खडे म्हणजे कारखान्यात बनवलेली माणकं असतात, किंमत म्हणून नाही तर कडक आणि गुळगुळीत म्हणून वापरतात, पोलादाची टोकं त्यात वर्षानुवर्षं फिरली तरी झिजत नाहीत. घाण मात्र साचते, आणि जुनं तेल घट्ट होऊन वॉर्निशसारखं चिकटतं.

तेल देणं मी कितीही वेळ बघू शकते. त्यांच्याकडे स्विस मोबियसच्या छोट्या बाटल्या आहेत, बॅलन्सला ९०१० नावाचं पातळ तेल, हळू फिरणाऱ्या मोठ्या चाकांना जाड तेल, आणि मुख्य स्प्रिंगला ग्रीस. सुईच्या टोकावर जेवढं थांबेल तेवढंच तेल, खड्याच्या वाटीत गोल थेंब बसला पाहिजे, कडेला पसरता कामा नये, पसरला तर पुसून, धुऊन परत. पॅलेट म्हणजे ठोक्यागणिक चाक अडवणारा-सोडणारा छोटा भाग, त्याच्या दोन खड्यांच्या तोंडाला तेल, पण त्याच्या फिरण्याच्या टोकांना कोरडंच ठेवतात. कुठे तेल द्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं, हे मी तिथे शिकले.

लंगडणं काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. नव्या मशीनमध्ये त्यासाठी वेगळी हलणारी दांडी असते, या जुन्या मशीनमध्ये तशी सोय नाही, बॅलन्स बाहेर काढायचा, हेअरस्प्रिंग ज्या बारीक कड्यावर बसवलेली असते ते कडं केसभर फिरवायचं, परत बसवायचं, परत ऐकायचं. त्या दिवशी माझ्यासमोर तीनदा काढला. चिमट्यात बॅलन्स धरलाय, त्याच्याखाली हेअरस्प्रिंग लोंबतेय, आणि काकांचा हात एवढासुद्धा हलत नाही, बाहेर भांडी बाजारात पातेल्यांचा आवाज, कुणाची तरी गाडी हॉर्न मारतेय, त्यांना काही नाही. वय सत्तरच्या पुढे असेल. तिसऱ्यांदा बसवल्यावर स्क्रीनवरच्या दोन रेषा एकमेकींजवळ येऊन जवळजवळ एकच झाल्या. बीट एरर ०.४.

आणि तेव्हा गंमत बघा, घड्याळ आता दिवसाला तीन मिनिटं मागे पडत होतं! कारण दांडी अजून वजाच्या टोकालाच होती, आजार गेला पण लगाम तसाच खेचलेला. आता कुठे काकांनी दांडीला हात लावला, मधोमध आणली, आणि मग भिंग लावून अगदी किंचित किंचित. दांडी अधिककडे नेली की हेअरस्प्रिंगची चालणारी लांबी कमी होते आणि घड्याळ पुढे जातं, वजाकडे नेली की उलट. एवढं साधं आहे ते, पण केव्हा करायचं ते साधं नाही.

मग वेगवेगळ्या स्थितीत मोजलं. तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली, चावी वर, असं प्रत्येक बाजूने थोडा थोडा वेळ. आडवं ठेवल्यावर बॅलन्स एका टोकावर उभा फिरतो म्हणून मोकळा चालतो, उभं धरलं की दोन्ही टोकं कडेला घासतात म्हणून झोका थोडा कमी होतो, आणि वेग पण बदलतो. माझ्या घड्याळाचं आलं ते असं, तबकडी वर +९, खाली +७, चावी खाली −४, चावी वर −६. आडवं असताना अँप्लिट्यूड २७५, उभं २४५. मी विचारलं शून्य का नाही करत. काका म्हणाले दिवसात सेकंद किती? ८६,४००. हे मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. त्यात आठ सेकंदांचा फरक म्हणजे दहा हजारात एकाचाही नाही. आणि मग सांगितलं की स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं, म्हणजे खास अचूक घड्याळाचं, सर्टिफिकेट मिळायला दिवसाला सरासरी −४ ते +६ सेकंदांच्या आत यावं लागतं, तुमचं घड्याळ सामान्य माणसासाठी काढलेलं आहे, नावच जनता आहे, त्याला क्रोनोमीटर करायला निघू नका, पण त्याच्या जवळ नेऊन ठेवतो.

एक आठवडा घालून या म्हणाले. आठवड्यात ७० सेकंद पुढे गेलं, रोज जवळपास १०, आणि रोज सारखं! कागद बघून काका पहिल्यांदा हसले. मग विचारलं, दिवसभर काय करता, उजवा हात वापरता का डावा, रात्री किती वाजता काढता. मी बँकेत, म्हणजे दिवसभर हात टेबलावर, घड्याळ बराच वेळ तबकडी वर, त्यामुळे पुढे जाणारच. त्यांनी दांडी अगदी थोडी सरकवली, मला तर हललेली दिसलीच नाही, आणि सांगितलं की पुढे गेलेलं वाटलं तर रात्री काढल्यावर चावी वर करून उभं टेकवून ठेवा, त्या बाजूने ते मागे पडतं, रात्रीत भरपाई होईल. मी तेव्हापासून पुस्तकाला टेकवून तसंच ठेवते. पुढच्या आठवड्यात फरक १५ सेकंद. आठवड्याला! गेल्या नऊ आठवड्यांत एकाही आठवड्यात अर्ध्या मिनिटाच्या वर गेलेलं नाही.

खर्च किती आला तर सर्व्हिसिंगचे ९०० आणि चावीचं बोंड झिजलं होतं ते बदललं त्याचे १२०, एकूण १,०२० रुपये. बोंड नवं नाही, त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात मेलेली एचएमटी आहेत त्यातल्या एकाचं, आणि जुनं काढलेलं कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिलं, न मागता. काच प्लास्टिकची असते ना जुन्या घड्याळांना, तिच्यावर ओरखडे होते, ती बदलू का विचारल्यावर म्हणाले कशाला, आणि पेस्ट लावून फडक्याने दहा मिनिटं घासून दिली. आता एक खोल ओरखडा सहाच्या आकड्याजवळ राहिलाय, तो अण्णांच्या वेळचाच आहे, राहू दे म्हणलं. कामाची सहा महिन्यांची गॅरंटी आहे, पाडलं किंवा पाण्यात घातलं तर नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहिते. तीन आठवडे सांगून साडेचार लागले आणि फोन करून कळवत नाहीत, आपणच जाऊन विचारायचं. पावती म्हणजे वहीच्या कागदाचा तुकडा, हरवला तर अवघड होईल, त्याचा फोटो काढून ठेवा. दुपारी दीड ते चार बंद म्हणजे बंद, सोमवारी पूर्ण बंद. फक्त सेल टाकायचा असेल तर उगाच त्यांच्याकडे जाऊ नका, टाकून देतात पण रांगेत थांबावं लागतं. आणि घाईच्या माणसाने तर जाऊच नये, भाचीच्या लग्नात घालायचंय पुढच्या रविवारी वगैरे सांगितलं तर ते सरळ नाही म्हणतात. हे मी वजा धरत नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. तरी फोनचं आणि पावतीचं सुधारायला हवं असं मनापासून वाटतं, लोक वडलांची आठवण त्यांच्या हातात देऊन जातात. त्यासाठी अर्धा तारा कमी, पाचपैकी साडेचार.

नाही म्हणण्यावरून आठवलं. काम बघून मी सासऱ्यांचं फेवर ल्यूबा (स्विस कंपनीचं घड्याळ) पण घेऊन गेले होते, ते पडून बंद झालेलं. काकांनी तिथेच उघडलं, बॅलन्स चिमट्याने किंचित हलवून बघितला आणि भिंग परत माझ्याकडे दिलं, बॅलन्सच्या दांड्याचं वरचं टोक मोडलेलं. म्हणाले हा पार्ट त्याच मशीनचा हवा, दुसरा ठोकून बसवणार नाही, मिळाला तर करीन, नाही मिळाला तर परत देईन, पैसे नकोत. घड्याळ ठेवून घेतलंय, दिवाळीनंतर विचारायला बोलावलंय. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले थांबू की, घाई काय आहे.

जाणार असाल तर माझ्यासारखी फेरी वाया घालवू नका, घड्याळ चालू असेल तर आधी घरी चार दिवस रोज एकाच वेळेला पूर्ण चावी द्या, चावी देताना हातातून काढून द्या म्हणजे बोंडावर तिरका जोर पडत नाही, अडलं की थांबा, रोजचा फरक सेकंदात लिहा, रात्री कसं ठेवता तेही लिहा, आणि तो कागद घेऊनच जा. मागचं झाकण स्वतः उघडू नका, आणि कुणी आधी उघडलं असेल तर काय केलं ते लपवू नका, त्यांना कळतंच. आणि डबा बदला.